वाचकांचे प्रश्न : गाडीच्या दिव्यांत एलईडी बल्ब

प्रश्न : माझी लहान मोटार २०१३ सालची असून तिच्या हेडलाइटमध्ये मूळचे एच-४ हॅलोजन बल्ब आहेत. महिन्यातून एकदा आईला घेऊन ओंकारेश्वरला जाणे होते आणि परतताना भेरूघाटात हमखास अंधार पडतो, तेव्हा दिव्यांचा उजेड फार अपुरा वाटतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने 'आठ हजार ल्यूमेन' (ल्यूमेन म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) असे लिहिलेली एलईडी बल्बांची जोडी सुचवली आहे. मुलाने हौसेने मागच्या इंडिकेटरमध्ये एलईडी बल्ब बसवले, तर आता इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकतो. हेडलाइटचे बल्ब बदलावेत का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : हेडलाइटचे बल्ब बदलू नयेत, हे आधीच सांगून टाकतो. कारण समजण्यासाठी तुमचा जुना एच-४ बल्ब हातात घेऊन, मात्र काचेला बोट न लावता, नीट पाहावा. आत दोन तारा दिसतील : एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ही वाटी तारेचा खालच्या बाजूला जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे परावर्तकाचा फक्त वरचा भाग उजळतो आणि तिथून प्रकाश खाली रस्त्यावर टाकला जातो. वाटीची एक कड पंधरा अंशांनी उतरती ठेवलेली असते. तिच्यामुळे डाव्या हाताची रस्त्याची कड, मैलाचा दगड आणि पायी चालणारी माणसे दिसतात, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही. ही सारी करामत पाच-साडेपाच मिलिमीटर लांबीची तार ठरलेल्या जागी असण्यावर अवलंबून असते.

एलईडी बल्बात तार नसते. धातूच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप चिकटवलेल्या असतात आणि उष्णता वाहून नेण्यासाठी त्या पट्टीला काही जाडी द्यावीच लागते, म्हणून प्रकाशाचा उगम मूळ जागेपासून थोडा तरी सरकतो. परावर्तकापाशी झालेली एक-दीड मिलिमीटरची चूक पन्नास मीटरवर पोहोचेपर्यंत किती वाढत असेल, याचा अंदाज आपण करू शकता. माझ्या भाच्याने अशीच जोडी बसवली होती. आम्ही गाडी कॉलनीच्या भिंतीपासून दहा मीटरवर उभी करून डिपर लावला. हॅलोजनच्या वेळी भिंतीवर उजेड आणि अंधार यांच्यामधली रेषा सुरीने कापल्यासारखी दिसत होती. एलईडी लावल्यावर ती रेषा पुसली गेली आणि भिंतीपलीकडच्या घराची पहिल्या मजल्यावरची गॅलरी उजळली. भाचा खूश झाला, कारण उजेड 'भरपूर' होता. पण त्यातला बराचसा रस्त्यावर नव्हताच. भेरूघाटाच्या वळणावर हाच उजेड समोरच्या ट्रकचालकाच्या डोळ्यांत जातो, आणि आंधळा झालेला ट्रकचालक आपल्याच दिशेने येत असतो.

पट्टी घड्याळातील तीन आणि नऊच्या रेषेत येईल अशी फिरवून बसवली तर परिणाम थोडा सुधारतो. तरीही परावर्तक हॅलोजनसाठी घडवलेला आहे, तो घडवलेलाच राहतो. ज्या नव्या गाड्यांत कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट येतात, त्यांचे भिंग आणि परावर्तक त्या चिपसाठीच बेतलेले असतात, म्हणून त्यांचा दाखला आपल्या गाडीला लागू पडत नाही.

आता त्या आठ हजार ल्यूमेनचा हिशेब. मूळ एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा असून अप्परला साधारण १६५० आणि डिपरला साधारण १००० ल्यूमेन देतो. एलईडीच्या खोक्यावर लहान अक्षरांत वॉट लिहिलेले असतात. ते २५ असतील आणि दर वॉटला शंभर ल्यूमेन धरले, तर अडीच हजारांपुढे आकडा जाऊ शकत नाही. शिवाय हॅलोजनची उष्णता पुढे काचेकडे जाते, तर एलईडीची मागे साठते. म्हणून मागे पंखा असतो, पंख्यामुळे रबरी टोपी नीट बसत नाही, आणि पहिल्या पावसातच दिव्यात वाफ धरते. पंखा बंद पडला की चिप मंदावते किंवा जळते.

पांढऱ्याशुभ्र प्रकाशाने चांगले दिसते, हा समजही तपासून घ्यायला हवा. गाडीपुढचा दहा-पंधरा मीटरांचा रस्ता झगझगीत उजळला की डोळ्याची बाहुली आकुंचते आणि त्यामुळे दूरचा भाग उलट अधिक काळा दिसतो. कायद्याची बाजूही आहेच : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत मनाने फेरफार करण्यास मनाई आहे.

मग उजेड वाढवायचा कसा? तुमची गाडी दहा वर्षांहून जुनी आहे, म्हणून मला संशय बल्बाचा नाही, त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विजेचा येतो. इंजिन चालू ठेवून, डिपर लावून, मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बाच्या होल्डरवर व्होल्टेज मोजून घ्यावे. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२.४ असे आकडे आले, तर दीड व्होल्टाच्या आसपास वाटेतच गळते आहे. हॅलोजनच्या बाबतीत ही गळती फार महाग पडते, कारण व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. अशा वेळी होल्डर आणि अर्थिंगचे जोड घासून घ्यावेत, आणि हेडलाइटचा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या खटक्यातून जात असेल तर फ्यूजसह वेगळा रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा खटका, बसवून घ्यावा. इलेक्ट्रिशियन १००/९० वॉटचे बल्ब सुचवील, ते घेऊ नयेत. त्यांच्या उष्णतेने होल्डर वितळतात.

दिव्याची बाहेरची काच, खरे तर ते प्लास्टिक, पिवळी पडली असेल तर पाण्याच्या बारीक पॉलिश-पेपरने घासून वर अतिनील किरणांपासून वाचवणारा लेप द्यावा. लेप न दिल्यास काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो. शेवटी सपाट जागी, नेहमीइतकेच वजन गाडीत ठेवून, भिंतीपासून दहा मीटरवर डिपरची रेषा तपासावी. ती दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली असावी. इतके झाल्यावर चांगल्या कंपनीचे नवे हॅलोजन बल्ब जोडीनेच बदलावेत.

इंडिकेटरचे कोडे सोपे आहे. मूळ बल्ब २१ वॉटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर घेणारा. एलईडी त्याच्या दशांशही घेत नाही, त्यामुळे फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या डबीला, वाटते की बल्ब उडाला, आणि तो घाईघाईने टिकटिकून तुम्हाला सावध करतो. बाजारात यासाठी सहा ओहमचा रेझिस्टर देतात. तो दर मिचकावणीला चोवीस वॉट नुसते तापण्यात घालवतो आणि प्लास्टिकला किंवा तारेला टेकला तर ते वितळवतो. त्यापेक्षा बल्बांच्या भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर, तुमच्या गाडीत तो वेगळा बदलता येत असल्यास, बसवावा. नाहीतर मुलाची समजूत काढून मूळ बल्ब परत लावावेत. आणखी एक बारकावा : इंडिकेटरला पिवळसर नारिंगी आणि ब्रेकलाइटला लाल एलईडीच घ्यावा. पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाश थोडा असतो, त्यामुळे लाल काचेमागे तो फिकट आणि गुलाबीसर दिसतो.

गाडीच्या आतला दिवा आणि नंबरप्लेटवरचा दिवा यांत पांढरा एलईडी खुशाल लावावा. पेटला नाही तर उलटा करून बसवावा, कारण त्याला अधिक-उणे कळते.

प्रश्न : माझ्या २०१२ च्या स्कूटरच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब लावला. तो थरथरत असे आणि महिन्याभरात बंद पडला. बल्ब खराब निघाला का?
– एक वाचक, देवास

उत्तर : बल्बाला दोष देण्याआधी एक आठवून पाहावे : मूळ बल्ब असताना एक्सिलेटर पिळला की उजेड वाढत होता आणि सिग्नलला थांबल्यावर मंदावत होता का? तसे असल्यास आपल्या स्कूटरचा हेडलाइट बॅटरीवर नसून इंजिनाबरोबर फिरणाऱ्या अल्टरनेटरच्या एसी प्रवाहावर चालतो. एलईडीला डीसी लागते. एसीवर तो थरथरतो आणि इंजिनाचा वेग वाढताना येणाऱ्या व्होल्टेजच्या उसळ्यांनी मरतो. वायरिंग बदलून हेडलाइट बॅटरीवर घेता येतो, पण मग बॅटरी चार्ज करणारी यंत्रणा तेवढा भार पेलते की नाही हे पाहावे लागते, आणि तेवढा खटाटोप एका बल्बासाठी करणे मला पटत नाही. ३५/३५ वॉटचा मूळ एचएस-१ बल्ब परत लावावा आणि तो लावताना काचेला बोट लागू देऊ नये. लागलेच तर स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावे.