खाडीतला कुजका पाला जातो कुठे?

प्रश्न : देवगड तालुक्यात खाडीला लागून आमचं घर आहे. तिवरांचा पाला चिखलात कुजतो, ओहोटीला वास मारतो. वाडीतले म्हणतात, पाला काढून काठ साफ केला तर मासे वाढतील. खरं आहे का?

उत्तर : नाही. पाला काढू नका, मासे उलट कमी होतील.

मालवण तालुक्यात मी शाळेत विज्ञान शिकवायचे, तेव्हा नववीच्या मुलांना घेऊन एक प्रयोग करत असे. कांद्याच्या जाळीदार पिशवीत गळलेली पिवळी पानं मोजून भरायची, पिशवी खुंटाला बांधून चिखलात ठेवायची आणि दर रविवारी ओहोटी बघून उघडायची. पहिल्या रविवारी पानं नुसती तपकिरी. मग बुळबुळीत. पुढे कडा कुरतडलेल्या, भोकं पडलेली, आत बारीक शंख आणि सुंगटांची (कोळंबीची) नखाएवढी पिल्लं. शेवटी शिरा तेवढ्या उरत. मुलं विचारायची, "बाई, पान गेलं कुठे?"

झाड पान गाळण्याआधी त्यातला बराचसा नायट्रोजन परत ओढून घेतं, त्यामुळे गळलेलं पान निकस असतं. मग त्यावर बुरशी आणि जिवाणूंचा थर बसतो. हे जीव आजूबाजूच्या पाण्यातला नायट्रोजनही घेतात. आंबोळीचं पीठ आंबल्यावर जसं बदलतं, तसं ते पान बदलतं आणि ताज्यापेक्षा कुजकं अधिक सकस होतं. सुंगटं, कुर्ल्या (खेकडे), बोय मासे यांचं पोट याच कुजक्या चोथ्यावर भरतं, आणि चोथ्यापेक्षाही त्यावरच्या थरावर.

वास येतो तो घाणीचा नव्हे. त्या घट्ट चिखलात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून पाला कुजवतात, त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तिवराची मुळं श्वासासाठी बोटांसारखी चिखलाबाहेर येतात, तीही ऑक्सिजन नसल्यामुळेच.

आता माशांचा हिशेब. पानात साठलेली सूर्याची ऊर्जा एकाच दिशेने जाते, मागे फिरत नाही. परिसंस्थांचे अभ्यासक रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये अमेरिकेतल्या एका तळ्यावरून तिचा टप्प्याटप्प्याचा हिशेब मांडला. ढोबळमानाने दहावा हिस्सा पुढच्या टप्प्यात पोचतो, बाकीचा जगण्यातच उष्णता होऊन जातो. पाल्यातून सुंगटात आणि सुंगटातून चोणकात (रायगडकडचा जिताडा) असे दोनच टप्पे धरले तरी किलोभर चोणकामागे शंभर किलो पाला लागतो. टोपलीभर पाला बाहेर टाकताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. नायट्रोजन, फॉस्फरस मात्र फिरत राहतात : चिखलातून मुळांत, मुळांतून पानांत, पानांतून पुन्हा चिखलात. पाला उचललात की तेही वाडीच्या उकिरड्यावर गेले.

झाडं तोडायचा विचार तर मनातही आणू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवन (तिवरांसारख्या खाडीकाठच्या झाडांचं वन) तोडायला मनाई केली आहे. साफसफाई करायचीच असेल तर प्लास्टिक आणि तुटकी जाळी काढा, त्याची फार गरज आहे.

आणि पिशवीचा प्रयोग घरच्या मुलांसोबत जरूर करा. पुनवेच्या किंवा अमावास्येच्या ओहोटीला पाणी चांगलं खाली जातं, तेव्हा खुंट ठोका. शेवटच्या रविवारी पिशवी आठवणीने काढून आणा.