2.5 ऐवजी 25 टक्के बिलो भरलं गेलं, आता काय करू?

तुमचा प्रश्न असा: जिल्हा परिषदेचं 40 लाखांचं साकवाचं (छोट्या पुलाचं) काम, टेंडर घाटंजीच्या कॉम्प्युटर सेंटरवरून भरलं, 2.5 टक्के बिलोऐवजी (अंदाजपत्रकापेक्षा कमी दराऐवजी) 25 टक्के गेलं, सेंटरवाला म्हणतो पोर्टलनं पॉइंट खाल्ला, मुदत संपली आणि आर्थिक लिफाफा, म्हणजे दराचा भाग, अजून उघडायचाय.

मुदत असती तर काळजीच नव्हती. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या टेंडर पोर्टलवर, मुदतीच्या आत कितीदाही नव्यानं भरता येतं, शेवटचं धरतात. फक्त 'विथड्रॉ' दाबायचं नाही. एकदा माघार घेतली की त्या कामात परत शिरता येत नाही, आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच दाबतो.

आता हिशोब पाहा. 2.5 टक्के म्हणजे 1 लाख, 25 टक्के म्हणजे 10 लाख. 9 लाखांचा खड्डा. त्यावर इतकं बिलो गेल्यावर वाढीव सुरक्षा ठेव मागतात, ती वेगळीच. बयाणा, म्हणजे टेंडरसोबत भरलेली अनामत, 1 टक्का असेल तं 40 हजार. ते गेले तरी चालतील, पण या दरात साकव बांधायला जाऊ नका. सिमेंट-लोखंडात कसर करून भरपाई करू म्हणणाऱ्याचं तर ऐकूच नका. नाल्याला पूर आला की त्या साकवावरून आपलीच माणसं जाणार आहेत.

लिफाफा उघडायच्या आत कार्यकारी अभियंत्यांच्या नावानं पत्र द्या, आवक क्रमांक घ्या, ईमेलही करा. सोबत तुमचं मूळ दर विश्लेषण जोडा. मागणी एकच ठेवा: हा देकार (भरलेलं टेंडर) विचारात घेऊ नये आणि बयाणा परत मिळावी. 'दर दुरुस्त करून द्या' असं लिहू नका. पश्चिम बंगालमधल्या एका टोलच्या टेंडरात एकानं 1095 दिवसांच्या रकमेऐवजी एका दिवसाची रक्कम भरली, 9,72,999 रुपये. उच्च न्यायालयानं दुरुस्ती मान्य केली होती, सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये ती रद्द केली. उलट त्याच वर्षी दुसऱ्या प्रकरणात, सीमा सडक संघटनेच्या टेंडरात, 1569 कोटींऐवजी 1569 रुपये भरणाऱ्याची सुमारे 15 कोटींची बयाणा 1 कोटी भरून घेऊन परत द्यायला सांगितलं. त्याला काम नको होतं, पैसे परत हवे होते.

आणि सेंटरवाल्याचं 'पोर्टलनं पॉइंट खाल्ला' हे मला अजिबात पटत नाही. टक्केवारीच्या बीओक्यूत, म्हणजे दर भरायच्या फाइलीत, तुम्ही फक्त कमी की जास्त ते निवडता आणि आकडा टाकता. खाली रक्कम आकड्यात येते, अक्षरीही येते. 39 लाखांऐवजी तीस लाख अक्षरात लिहून आलं असणार आणि कोणी वाचलं नाही. आमच्याकडे डिजिटल सहीचं टोकन आणि पिन दोन्ही सेंटरवर ठेवून कंत्राटदार साइटवर निघून जातो. सही तुमची, बयाणा तुमची, मग आकडाही तुम्हीच टाका. फाइलचं नावही बदलू नका, तेवढ्यावरून देकार बाद होतो. शेवटच्या दिवशी भरू नका, तालुक्यात लाइन गेली की संध्याकाळपर्यंत येत नाही आणि घड्याळ पोर्टलचंच चालतं.

एक सांगायचं राहिलं: माघारीनंतर बयाणा नुसती जप्त होते की पुढच्या टेंडरांतूनही काही काळ बाहेर ठेवतात, हे तुमच्या निविदा सूचनेतल्या अटीवर आहे. पत्र देण्याआधी ते कलम वाचा. तिथं काळ्या यादीचा उल्लेख असेल तर आधी वकिलाला दाखवा.