ललाटतिलकाच्या आधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, सोबतचा फोटोही. पाय मागून उचलून अंगठा थेट कपाळाला टेकवलेला, म्हणजे ललाटतिलक हे नृत्यातलं करण. अंग लवचीक आहे तुझं, यात वादच नाही. पण 'करणं शिकायचीत, ललाटतिलकापासून सुरुवात करू का?' याला माझं उत्तर 'नको' असंच आहे.

नाट्यशास्त्र या नृत्य-नाट्यावरच्या प्राचीन ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात १०८ करणं दिली आहेत. हात आणि पाय मिळून जे घडतं ते करण, असं भरतमुनी सांगतात. म्हणजे ती हालचाल आहे. आपली फसगत होते ती शिल्पांमुळे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात वरच्या मजल्यावर ८१ करणं कोरलेली आहेत, उरलेल्या २७ शिळा कोऱ्याच राहिल्या. चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या गोपुरांत (प्रवेशद्वारांवरच्या मनोऱ्यांत) शिल्पांबरोबर श्लोकही आहेत. पण दगडात एकच क्षण मावतो. कुणी सुरुवातीचा धरला, कुणी शेवटचा, म्हणून एकच करण दोन देवळांत वेगळं दिसतं. शरीर तिथवर पोचलं कसं, हे भरतनाट्यम नर्तकी आणि संशोधक डॉ. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी श्लोक आणि शिल्पं ताडून, स्वतः नाचून शोधलं. त्यांची मांडणी सगळ्यांनाच पटते असं नाही, मला पटते.

तेव्हा आधी चारी. एका पायाची चाल ती चारी, दोन पायांची झाली की करण. १६ भौमी (जमिनीवरच्या), १६ आकाशिकी (पाय हवेत उचलण्याच्या). भौमीत पाय जमिनीजवळ राहतात आणि नेमक्या म्हणूनच त्या मुलींना कंटाळवाण्या वाटतात. आकाशिकीत ऊर्ध्वजानू घे: पाय कुंचित करून (टाच वर, बोटं वाकवलेली) गुडघा छातीपर्यंत उचलायचा, दुसरा पाय स्थिर. करून बघ. उचललेला पाय सोपा असतो, घाम फुटतो तो खालच्या पायाला. अतिक्रांता या दुसऱ्या आकाशिकी चारीत तोच कुंचित पाय पुढे पसरून खाली टाकायचा असतो. तो 'टाकणं' आणि 'ठेवणं' यातला फरक कळायला वेळ लागतो, लागू दे.

मग पहिलं करण, तलपुष्पपुट. पाय अग्रतलसंचर (टाच उचललेला), पुष्पपुट हात (फुलं धरल्यासारखी ओंजळ) डाव्या अंगाला, आणि ती कूस किंचित झुकलेली. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नाही! पण कूस झुकवणं तुला जड जाणार. अडवूंमध्ये, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासांत, आपण धड सरळ ठेवायला शिकलो. इथे कटी (कंबर) आणि पार्श्व (कूस) यांनाही काम आहे. पाद, कटी, हस्त, ग्रीवा असे चारही रेचक (त्या त्या अंगाच्या फिरत्या हालचाली) रोज कर, सावकाश, आरशाशिवाय. आरसा समोर असला की तू पुन्हा पोझ घेशील.

अडवू मात्र सोडू नकोस. अरैमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्यात) मांड्यांना आलेली ताकद इथे उपयोगी पडतेच. आणि गुडघा दुखला तर त्या दिवशी थांब, उगाच शौर्य दाखवू नकोस.

तंजावर लांब आहे, शिवाय तो वरचा मजला सहसा खुला नसतो. साताऱ्याच्या नटराज मंदिरात मात्र पद्माताईंच्या रेखाटनांवरून घडवलेली करणं आहेत, ती बघून ये. कॅमेरा पिशवीत ठेव. प्रत्येक शिल्पापुढे उभी राहून वजन कोणत्या पायावर आहे एवढंच वहीत लिही, आणि पुढच्या वेळी येताना ती वही घेऊन ये.

तुझी,
ताई