भरतीत बंदूक हातात देत नाहीत

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याला अग्निवीर करायचं ठरवलं आहे. इथल्या एका अकॅडमीत लष्करात असतो तसा फायरिंग सिम्युलेटर आणलाय. सहा महिन्यांची फी दीड लाख. त्यावर नेम पक्का झाला की भरती सोपी जाते म्हणतात. १९९८ साली छाती एक सेंटीमीटर कमी फुगली म्हणून मी स्वतः परत आलो होतो. फी भरू का?
– एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : नका भरू.

पत्र इथे छोटं करून छापलंय. मूळ चार पानांचं आहे. त्यात तुमच्या त्या एका सेंटीमीटरला सव्वा पान, मुलाच्या मार्कांना एक ओळ. ‘ठरवलं आहे’ सहा वेळा येतं, कुणी ठरवलं ते एकदाही येत नाही. सत्तावीस वर्षं ती टेप तुमच्या छातीवरून उतरलेली नाही, हे मी समजू शकतो. पण म्हणून ती पोराच्या छातीला लावायची?

आता त्या सिम्युलेटरचं. अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग १.६ किलोमीटर धावणं, पुलअप्स, नऊ फुटी खंदक, मग मेडिकल. नेमबाजी कुठेच नाही. रायफल हातात येते ती निवड झाल्यावर, ट्रेनिंग सेंटरला, आणि ती कशी धरायची ते उस्ताद पहिल्यापासून शिकवतात. तिथे सिम्युलेटर असतो तो चूक दाखवायला. समोर पडदा, रायफलीवर लेझर. ट्रिगर दाबायच्या आधीच्या क्षणी नळी कुठे भटकली, ती रेघ पडद्यावर उमटते. खऱ्या फायरिंग रेंजवर गोळी कुठे लागली ते दिसतं, का चुकली ते दिसत नाही. इथे दिसतं, आणि एकही काडतूस खर्च होत नाही. पण खरा आवाज, वारा, छातीतली धडधड यासाठी शेवटी रेंजवरच जावं लागतं. चूक ओळखणारा उस्ताद शेजारी नसेल, तर दीड लाखात पोरगा व्हिडिओ गेम खेळून येईल. हौसच असेल तर कॉलेजात एनसीसी घ्या. तिथे .२२ रायफलचं खरं फायरिंग मिळतं. ‘दुरुस्त शिस्त, मजबूत पकड’ हे तिथलं नेहमीचं वाक्य. (शिस्त म्हणजे नेम. जुन्या मराठीतही ‘शिस्त धरणे’ होतंच, पुढे आपण तो शब्द शाळेच्या रांगेत उभा केला.)

आणि अग्निवीर म्हणजे चार वर्षं. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतात. हे त्याला माहीत आहे का, की तेही तुम्हीच ठरवलंय?

पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही वैतागून लिहिलंय, “पोरगा नेम सोडून भलतंच विचारतो. गोळीच सुटत नाही तर खांद्याला धक्का कसा बसतो? हात हलला ते मशीनला कसं कळतं?” अहो, सबंध पत्रात मुलगा बोललाय तो एवढाच! त्याला सांगा, बऱ्याच सिम्युलेटरांत दाबाखालचा वायू किंवा हवा रायफलीतला बोल्ट (आतला सरकता भाग) मागे फेकते, त्याचा तो धक्का. आणि लेझरचा ठिपका पडद्यावर कसा सरकतो ते कॅमेरा टिपत राहतो. हैदराबादची झेन टेक्नॉलॉजीज १९९३ पासून आहे, असे सिम्युलेटर बनवते. तिथे काम करणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर असलंच काहीतरी शिकलेलं असतं. म्हणजे सीईटी, नाहीतर डिप्लोमा. त्याला वर्दीच हवी असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात साठ टक्के आणि जेईई मेन, यावर लष्कराची टेक्निकल एंट्री आहे, थेट अधिकारी होण्याची. एनडीएसाठी गणित पक्कं हवं, तो रस्ता तुम्हाला माहीत असेलच.

यातलं त्याला काय आवडेल, मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि पोस्टात टाकायच्या आधी वाचू नका.