तुंबलेली मोरी आणि थकलेले हृदय

प्रश्न : मी बेळगावातील एका नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. खानापूर, निपाणीकडून मराठी शाळा शिकून आलेल्या माझ्या विद्यार्थिनी हार्ट फेल्युअरची (हृदय थकून रक्त पुरेसे पुढे ढकलू न शकण्याच्या आजाराची) लक्षणे इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवतात. पण आडवे झाल्यावर रुग्णाला धाप का लागते, असे विचारले की गप्प होतात. पुस्तकातील रंगीत आकृत्या दाखवूनही फरक पडत नाही. काय करावे?
– एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : पुस्तकातील आकृती अवयव कुठे आहे ते सांगते, आजार मात्र एकातून एक घडत जातो. म्हणून तयार आकृती दाखवण्याऐवजी ती मुलींच्या डोळ्यांदेखत फळ्यावर एकेक बाण काढत वाढवावी.

सुरुवात मोरीपासून करा. रस्त्याखालची मोरी तुंबली की पाणी वरच्या अंगाच्या शिवारात चढते, हे आपल्याकडच्या मुलीला समजावून सांगावे लागत नाही. निरोगी हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. डावे व्हेंट्रिकल (रक्त शरीराकडे ढकलणारा हृदयाचा खालचा कप्पा) थकले की रक्त मागे, म्हणजे डाव्या एट्रियममध्ये (वरच्या कप्प्यात) आणि तिथून फुप्फुसांच्या शिरांत तुंबते, दाब वाढतो आणि द्रव वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, झिरपू लागतो. आडवे झाल्यावर पायांतले रक्त छातीकडे परतते, म्हणून धाप वाढते. उजवी बाजू थकली, तर हाच बाण मानेच्या शिरा, यकृत आणि घोटे यांच्याकडे जातो. त्यातच मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचल्यामुळे ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. मोरी तुंबलेली असताना वरून पाटाचे पाणी सोडावे, तसे हे होते. हा बाण बहुतेक मुली विसरतात, म्हणून तो वेगळ्या रंगाच्या खडूने काढावा.

माझ्या एका विद्यार्थिनीने वॉर्डात रुग्णाच्या नडगीवर अंगठा दाबला, पडलेला खळगा हळूहळू भरताना पाहिला आणि वहीतल्या घोट्याच्या बाणाशेजारी तो स्वतःहून काढला. त्या दिवसापासून तिला सुजेचा क्रम पाठ करावा लागला नाही.

प्रत्येक बाणाशेजारी परिचारिकेचे काम लिहून घ्या : फुप्फुसांपाशी उशाकडची बाजू उंच करणे, मूत्रपिंडांपाशी लघवीचे मोजमाप आणि रोज सकाळी त्याच वेळी वजन, कारण अचानक वाढलेले १ किलो म्हणजे साधारण १ लिटर साठलेले पाणी. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर सगळी साखळी न बघता काढायला सांगा. उलटा पडलेला बाण गैरसमज नेमका कुठे आहे ते दाखवतो. वर्गात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांच्या मुली असतील, तर त्यांना जोडीने बसवून आपापल्या भाषेत बाण समजावू द्या आणि परीक्षेला लागणारे इंग्रजी शब्द शेवटी, साखळी पक्की झाल्यावरच लिहायला लावा.