स्कोअर लिहायच्या आधी विचार

प्रिय पोरी,

वयस्कर माणसांच्या मेमरी टेस्ट घ्यायचं काम तुला मिळालं, फार बरं वाटलं. एकच गोष्ट कळकळीने सांगते, स्कोअर कमी आला की लगेच "वय झालं" लिहून मोकळी होऊ नकोस, आधी विचार की वर्षभरात घरात काय घडलं, कुणी गेलं का, आजारी नवऱ्याचं सगळं ही एकटीच करतेय का, रात्री झोप लागते का.

कारण एका वेळी मनात धरता येतं ते मुळातच थोडं, वयाने अजून कमी होतं, आणि त्यात मुलाच्या कर्जाची काळजी घुसली की तू सांगितलेले शब्द राहणार कुठे? बरेचदा ते विसरलेले नसतात गं, नीट आत गेलेलेच नसतात. म्हणून त्याच माणसाचा स्कोअर वाईट दिवशी खाली, बऱ्या दिवशी वर. एका टेस्टवरून शिक्का मारणं मला चूकच वाटतं.

पण ताण वर्षानुवर्षं राहिला तर गोष्ट वेगळी. ताणात शरीर सोडतं ते हार्मोन, कॉर्टिसॉल, वाढलं की ते थांबवायचा सिग्नल देण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो, नवीन आठवणी बनवणाराही तोच, आणि जास्त कॉर्टिसॉलचा मारही त्यालाच बसतो, मग ब्रेक ढिला आणि कॉर्टिसॉल अजून रेंगाळतं. 1998 मध्ये संशोधक सोनिया ल्युपियनच्या टीमने दाखवलं की ज्या म्हाताऱ्या माणसांचं कॉर्टिसॉल काही वर्षं वाढत गेलं त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता आणि मेमरीही कमी पडत होती. माणसं थोडीच होती, आणि कॉर्टिसॉल आधी वाढलं की हिप्पोकॅम्पस आधी लहान झाला हे त्यावरून ठरत नाही, तेव्हा हे सांगून कुणाला घाबरवू नकोस. 2011 च्या एका ट्रायलमध्ये 120 वयस्कर लोकांपैकी जे वर्षभर नियमित चालले त्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण 2 टक्के वाढला, हे मात्र जरूर सांग!

फॉर्मवर झोप, दुःख, औषधं, ऐकू येतं का, एवढं लिहून ठेव आणि काही महिन्यांनी परत बोलव. डिप्रेशन, थायरॉइड, बी-12 कमी असणं, यानेही विसरायला होतं आणि यावर उपचार आहेत. पण ओळखीचा रस्ता चुकतोय, पैशाचे व्यवहार जमेनासे झालेत असं घरचे म्हणाले तर "टेन्शन असेल" म्हणून सोडू नकोस, सरळ डॉक्टरांकडे पाठव.

तुझी,
मॅडम