क्यू १२ उडवला आणि १३ मध्ये सायक्लोरामा काळा

नाटकाच्या दिव्यांचा बोर्ड बिघडलेला नाही, फाइलही करप्ट नाही. तुम्ही ईटीसी आयॉन या लाइट बोर्डावर क्यू १२ (नोंदवून ठेवलेला प्रकाशबदल) डिलीट केलात, १३ आणि १४ मध्ये सायक, म्हणजे सायक्लोरामा हा स्टेजमागचा मोठा पडदा, विझला आणि १५ पासून पुन्हा ठीक. हे ट्रॅकिंगचं काम.

जुन्या प्रीसेट बोर्डावर प्रत्येक सीनमध्ये सगळ्या चॅनलच्या, म्हणजे दिव्यांच्या, लेव्हल भरलेल्या असायच्या. एक पुसला तरी शेजारच्याला धक्का नाही. ईऑस घराण्यातले बोर्ड (आयॉन त्यातलाच) ट्रॅकिंगमध्ये फक्त बदल नोंदवतात. तुमच्या १२ मध्ये ‘सायक ४० वर’ एवढाच हुकूम होता. १३ आणि १४ सायकबद्दल गप्प. मागचे ४० त्यांच्यातून नुसते वाहत होते. हुकूमच गेल्यावर सायक ११ मधल्या शून्यावर येणारच. १५ मध्ये सायकला स्वतःची लेव्हल असणार, म्हणून तो वाचला. ब्लाइंडमध्ये, म्हणजे स्टेजवरचा लाइट न हलवता क्यू बघता-बदलता येतो त्या डिस्प्लेत, बघा: किरमिजी आकडे मागून वाहत आलेले, निळे तिथे चढवलेले, हिरवे तिथे उतरवलेले.

आधी अनडू करा. मग डिलीट, क्यू, १२, क्यू ओन्ली/ट्रॅक, एंटर; खात्री विचारली तर पुन्हा एंटर. १२ जातो, पण त्याच्या पुढे वाहणाऱ्या लेव्हल १३ मध्ये नव्याने लिहिल्या जातात. बोर्ड क्यू ओन्ली मोडवर (बदल त्या क्यूपुरताच ठेवणारा) असेल तर हेच बटण उलटं वागतं, म्हणून मोड आधी बघा.

पण डोळे मिटून दरवेळी हेच करू नका. समजा, १२ मध्ये पत्र वाचताना सोफ्यावर स्पेशल (त्या एका जागेपुरता लावलेला दिवा) यायचा आणि १४ मध्ये जायचा. दिग्दर्शकाने पत्रच कापलं. आता सायकबरोबर तो स्पेशलही १३ मध्ये येऊन रिकाम्या सोफ्यावर पडेल! अशा वेळी मी वरच्याच पद्धतीने डिलीट करतो आणि लगेच ब्लाइंडमध्ये १३ उघडून स्पेशलचा चॅनल शून्यावर नेतो. सायक राहतो, सोफा अंधारात.

डिलीट करण्यापूर्वी शिफ्ट-अपडेट दाबून सेव्ह करा, हे सांगायला नको. क्यू लिस्ट मात्र रिनंबर करू नका. स्टेज मॅनेजरच्या संहितेत पेन्सिलीने ‘१३ गो’ लिहिलंय, ते तसंच राहू द्या. ११ नंतर थेट १३ आला तर कुणाचं काही बिघडत नाही.

आणि ११ ला फॉलो (ठरलेल्या सेकंदांनी पुढचा क्यू आपोआप सुरू करणारी वेळ) लावलाय का, तेही बघा. रंगीत तालमीत मी असाच मधला क्यू उडवला होता. आधीच्या क्यूचा ३ सेकंदांचा फॉलो तसाच राहिला, आणि पुढचा क्यू होता ब्लॅकआउट. नायिका अर्ध्या वाक्यात अंधारात गेली. तिने वाक्य पूर्ण केलं, मग विंगेकडे वळून विचारलं, “लाइटवाले दादा, घरी जायचंय का?”